मुक्त सॉफ्टवेअर आणि कंपन्यांचें हित

हल्लीं पालकांकडून व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. तो असा कीं, एकाच प्रकारचें काम करणारीं दोन सॉफ्टवेअर असतां एकास हजारों रुपये पडतात आणि दुसरें फुकट मिळतें, हें कसें? आणि जें फुकट मिळतें त्यांत कांहीं तरी खोट असलीच पाहिजे, नाहीं का? या प्रश्नाचा पूर्वार्ध काटकसरीचा आहे व उत्तरार्ध संशयाचा आहे; परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच गैरसमज आहे. मोफत व मुक्त हे दोन शब्द आपण एकाच अर्थानें योजतों. वस्तुतः मोफत हा शब्द किंमतीविषयीं आहे आणि मुक्त हा शब्द हक्काविषयीं आहे. हा भेद नीट ध्यानांत आला नाहीं, तर मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे लोक आणि मोठमोठ्या कंपन्या यांच्यामध्यें चाळीस वर्षांहून अधिक काळ जो वाद चालला आहे तो आपणांस कळणार नाहीं. व आपल्या मुलांपैकीं अनेकांस पुढें ज्या धंद्यांत पोट भरावयाचें आहे त्या धंद्यांतील नीतीही कळणार नाहीं. म्हणून या विषयावर आमचें मत येथें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम सॉफ्टवेअर म्हणजे काय तें पाहूं. संगणक स्वतःच्या बुद्धीनें कांहींच करीत नाहीं. मनुष्यानें लिहून दिलेल्या आज्ञा तो पाळतो. या आज्ञा ज्या रूपांत मनुष्य लिहितो व वाचतो त्या रूपास सोर्स कोड म्हणतात. आपण त्यास मूळ लेखन म्हणूं. हें मूळ लेखन नंतर यंत्रास समजेल अशा रूपांत बदलण्यांत येतें, व तें बदललेलें रूप मनुष्यास वाचतां येत नाहीं म्हटलें तरी चालेल. बाजारांत जें सॉफ्टवेअर विकत मिळतें तें बहुधा या दुसऱ्या रूपांत मिळतें. वैद्यानें पुडी द्यावी, पण पुडींत कोणतें औषध आहे तें सांगूं नये, असा हा प्रकार आहे. रोग बरा होईल, पण पुढच्या खेपेस पुन्हां त्याच वैद्याच्या दारीं जावें लागेल. शिवाय आपल्या देशाच्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यांत संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतींत केलेला आहे. म्हणून तिच्या प्रती काढणें, तींत फेरफार करणें, ती लोकांस देणें, हे हक्क मूळ लेखकाच्या अथवा त्याच्या मालकाच्या हातीं असतात. त्यानें जेवढी परवानगी दिली असेल तेवढीच आपली. या परवानगीच्या लेखास लायसन्स म्हणतात, आणि आमच्या विषयाचें सारें मर्म या लेखांत आहे.

ही स्थिति आरंभापासून नव्हती. पूर्वी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र असे, व त्याबरोबर पुष्कळदां सॉफ्टवेअरही मूळ लेखनासह येत असे. विद्यापीठांतील लोक तें दुरुस्त करून एकमेकांस देत. १९६९ मध्यें आयबीएम कंपनीनें यंत्राची व सॉफ्टवेअरची किंमत वेगवेगळी आकारण्याचें जाहीर केलें, आणि तेव्हांपासून सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विक्रीचा माल होत गेला. १९७६ मध्यें बिल गेट्स यांनीं संगणकाचा छंद असणाऱ्या लोकांस उद्देशून एक उघडें पत्र लिहिलें. तुम्ही आमचें सॉफ्टवेअर पैसे न देतां वाटून घेतां, मग तें लिहिणाऱ्यांचा निर्वाह कसा व्हावा, असा त्या पत्राचा आशय होता. हें पत्र पुष्कळांस रुचलें नाहीं. पण त्यांतील प्रश्न खोटा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्यानें रात्रीचा दिवस करून काम केलें, त्यास मजुरी मागण्याचा अधिकार आहे. हें तत्त्व आम्ही आरंभींच मान्य करितों, कारण पुढील सर्व विवेचन त्यास धरूनच करावयाचें आहे.

दुसऱ्या बाजूनें ज्यांनीं प्रश्न विचारला ते रिचर्ड स्टॉलमन होत. ते अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत काम करीत. तेथें आलेल्या एका नव्या छपाईयंत्राचें सॉफ्टवेअर त्यांस थोडें सुधारावयाचें होतें. कागद अडकला म्हणजे वाट पाहणाऱ्यांस सूचना मिळावी, एवढाच हेतु. परंतु मूळ लेखन मागूनही मिळालें नाहीं. पुढें १९८३ मध्यें त्यांनीं ग्नू नांवाची एक संपूर्ण मुक्त प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला व १९८५ मध्यें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली. मुक्त सॉफ्टवेअर घेणारास चार हक्क असले पाहिजेत असें या संस्थेचें म्हणणें आहे: तें कोणत्याही कामास वापरावें, तें कसें चालतें याचा अभ्यास करून आपल्या गरजेप्रमाणें बदलावें, त्याच्या प्रती दुसऱ्यास द्याव्या, आणि आपण केलेल्या सुधारणाही लोकांस द्याव्या. यांत फुकट हा शब्द कोठेंही नाहीं. हें सॉफ्टवेअर विकण्यास मुळींच मनाई नाहीं.

परंतु केवळ हक्क देऊन भागत नाहीं. उद्यां एखाद्यानें हें सर्व घ्यावें, त्यांत चार ओळींची भर घालावी, व मूळ लेखन कुलुपांत ठेवून तें आपलें म्हणून विकावें, तर काय करावें? यासाठीं १९८९ मध्यें जीपीएल नांवाचें लायसन्स तयार करण्यांत आलें. त्यांतील युक्ति वकिलांनाही विचार करावयास लावणारी आहे. ज्या कॉपीराइटनें दार बंद होतें, त्याच कॉपीराइटचा उपयोग दार उघडें ठेवण्याकडे केला आहे. लेखक म्हणतो, हें लेखन माझें आहे, आणि मी तुम्हांस चारही हक्क देत आहें. परंतु तुम्ही हें लेखन जसेंच्या तसें अथवा सुधारून दुसऱ्यास द्याल, तर त्यासही मूळ लेखनासह हेच हक्क दिले पाहिजेत. ही अट मोडणाराची परवानगीच संपते. म्हणजे हें दान आहे, पण अटीवर दिलेलें आहे. व ती अट देणाराच्या फायद्याची नसून पुढच्या घेणाराच्या फायद्याची आहे.

या अटीचा प्रभाव किती, हें लिनक्सच्या इतिहासावरून दिसेल. १९९१ मध्यें फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे २१ वर्षांचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. प्रारंभीं तो वाटतांना कोणीं पैसे घेऊं नयेत अशी त्यांची अट होती. १९९२ मध्यें ती अट काढून त्यांनीं जीपीएल स्वीकारलें. परिणाम असा झाला कीं, एकमेकींशीं स्पर्धा करणाऱ्या कंपन्या त्याच एका कामांत आपले पगारी नोकर घालूं लागल्या; कारण आपण घातलेली भर प्रतिस्पर्धी घेऊन पळेल व परत देणार नाहीं, ही भीति उरली नाहीं. आज आपल्या हातांतील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीं लिनक्सचाच गाभा आहे. जगांतील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तींतील सर्वच्या सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. जें फुकट तें हिणकस, असें म्हणणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत घ्यावें.

येथें दुसऱ्या एका जातीच्या लायसन्सचाही उल्लेख केला पाहिजे. एमआयटी, बीएसडी, अपाची या नांवांनीं ओळखलीं जाणारीं लायसन्सें अधिक सैल आहेत. मूळ लेखकाचें नांव व लायसन्सचा मजकूर राखावा, एवढीच त्यांची मुख्य अपेक्षा असते. पुढें तें लेखन बंदिस्त करून विकलें तरी चालतें. १९९८ मध्यें ओपन सोर्स हें नांव रूढ करण्यांत आलें तेव्हां या दोन्ही जाती त्या एकाच नांवाखालीं आल्या. कंपन्यांस अर्थातच सैल लायसन्सें अधिक प्रिय आहेत. त्यांत पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या लेखकास आपलें लेखन अशा रीतीनें देऊन टाकावयाचें असेल त्यानें खुशाल द्यावें. मात्र त्यानें तें समजून द्यावें, आणि नंतर कोणीं त्यावर इमले बांधले म्हणजे रडूं नये.

आतां कंपन्यांच्या वर्तनाकडे वळूं. २००१ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनीं लिनक्सची तुलना कर्करोगाशीं केली होती. त्याच मायक्रोसॉफ्टनें २०१८ मध्यें गिटहब हें मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारांचें सर्वांत मोठें संमेलनस्थान साडेसात अब्ज डॉलर देऊन विकत घेतलें. आयबीएमनें २०१९ मध्यें लिनक्सवर धंदा करणारी रेड हॅट कंपनी ३४ अब्ज डॉलरांस घेतली. कंपन्यांचें हृदयपरिवर्तन झालें असें यावरून समजूं नये, व त्या ढोंगी आहेत असेंही समजूं नये. कंपनी ही भागीदारांच्या नफ्यासाठीं असते. जेव्हां बंद दारांत नफा दिसला तेव्हां तिनें दार बंद केलें. उघड्या दारांत नफा दिसला तेव्हां तिनें तें उघडलें. म्हणून कंपनी आज कशी वागते यापेक्षां, उद्यां तिचें मन पालटलें तर आपल्या हातीं काय उरतें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि त्याचें उत्तर जाहिरातींत नसून लायसन्समध्यें असतें.

मुलांस समजावें म्हणून एक दृष्टान्त देतों. एका गांवीं लोकांनीं श्रमदानानें सामायिक विहीर खणली. पाणी सर्वांस खुलें. उन्हाळ्यांत टँकरवाला येतो, पंप लावून पाणी भरतो व शहरांत विकतो. त्यास चोर म्हणतां येणार नाहीं, कारण विहीर खुलीच आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतींत तर त्याचा दोष आणखी कमी दिसतो. कारण नक्कल काढल्यानें मूळ वस्तु कमी होत नाहीं, हजार टँकर भरले तरी विहिरीची पातळी तितकीच राहते. मग तक्रार कसली? तक्रार अशी कीं, विहिरीस गाळ येतो, व तो दरवर्षीं काढावा लागतो. पाणी आटत नसलें तरी गाळ काढणारांचे हात थकतात. टँकरवाल्याचा धंदा ज्या विहिरीवर चालतो, तिचा गाळ काढण्यास तो एक मजूरही पाठवीत नसेल, तर तो कायद्यानें निर्दोष असेल, पण न्यायानें नाहीं.

हा गाळ कल्पनेंतला नाहीं. ओपनएसएसएल नांवाचें एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. आपण संगणकावरून बँकेचा व्यवहार करितों तेव्हां तो गुप्त राखण्याचें काम जगांतील असंख्य ठिकाणीं तें करितें. एप्रिल २०१४ मध्यें त्यांत एक भयंकर चूक उघडकीस आली; ती दोन वर्षें कोणाच्याच लक्षांत आली नव्हती. त्या वेळीं असें दिसून आलें कीं, ज्यावर मोठमोठ्या कंपन्यांचा व्यापार अवलंबून होता, त्या कामास देणगीरूपानें वर्षाकांठीं सुमारें २,००० डॉलर मिळत, व पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच होता. त्यानंतर कंपन्यांनीं लिनक्स फाउंडेशनच्या द्वारें अशा कामांसाठीं निधि उभारला. मार्च २०२४ मध्यें एक्सझेड या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्यें कोणीं तरी मुद्दाम चोरदार ठेवल्याचें आढळलें. तें काम मुख्यतः एक थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. टोपण नांवाच्या एका इसमानें सुमारें दोन वर्षें मदत करून त्याचा विश्वास संपादिला व मग दगा दिला. ही गोष्ट ज्यांच्या लक्षांत आली ते आंद्रेस फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टचे नोकर होते. एका कामास नेहमीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो एवढ्यावरून त्यांनीं शोध लावला. या प्रसंगांत दोन्ही बाजूंस घेण्यासारखा धडा आहे. लेखन उघडें होतें म्हणून दगा पकडतां आला. आणि तो पकडणारा मनुष्य एका कंपनीच्या पगारावर होता.

वादाचा दुसरा प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे. कांहीं कंपन्या स्वतःच मुक्त सॉफ्टवेअर लिहितात, जगभरच्या लोकांकडून त्यांत भर घेतात, व त्याची सेवा विकून पोट भरतात. पुढें अॅमेझॉनसारख्या बलाढ्य कंपन्या तेंच सॉफ्टवेअर आपल्या प्रचंड संगणकांवर चालवून त्याचा वापर भाड्यानें देऊं लागतात, आणि मूळ कंपनीचा धंदा खालावतो. यावर उपाय म्हणून लायसन्स बदलण्याची लाटच आली. इलॅस्टिकसर्चचें लायसन्स २०२१ मध्यें, हॅशिकॉर्प कंपनीच्या टेराफॉर्मचें २०२३ मध्यें व रेडिसचें २०२४ मध्यें बदललें गेलें. नवीं लायसन्सें ओपन सोर्सच्या व्याख्येंत बसणारीं नव्हतीं. परंतु पूर्वीचें लेखन पूर्वीच्या अटींवर दिलें गेलें होतें, तें परत घेतां येत नव्हतें. तेव्हां लोकांनीं व इतर कंपन्यांनीं तेथूनच नवीन शाखा काढल्या: ओपनसर्च, ओपनटोफू आणि व्हॅल्की. पुढें इलॅस्टिकसर्चनें २०२४ मध्यें व रेडिसनें २०२५ मध्यें एजीपीएल या मुक्त लायसन्सचा पर्याय पुन्हां दिला. भाड्यानें देणारा मनुष्य सॉफ्टवेअरची प्रत कोणास देत नाहीं, म्हणून जीपीएलची अट त्यास लागत नाहीं. एजीपीएल ही पळवाट बुजवितें व बदललेलें सॉफ्टवेअर दुरून वापरणारासही मूळ लेखन मागण्याचा हक्क देतें.

या वादांत आमचें मत काय, असें कोणी विचारील. मूळ कंपनीची तक्रार आम्ही खोटी मानीत नाहीं. बलाढ्यानें दुर्बळाच्या श्रमावर अमर्याद फायदा करावा, हें कोणासच आवडणार नाहीं. परंतु तिनें योजिलेला उपाय आम्हांस मान्य नाहीं. ज्या लोकांनीं वर्षानुवर्षें दुरुस्त्या पाठविल्या, चुका कळविल्या, त्यांनीं तें काम मुक्त आहे या भरंवशावर केलें. सर्वांकडून दगड गोळा करून धर्मशाळा बांधावी आणि बांधून झाल्यावर दारावर पाटी बदलावी, यासारखें हें आहे. कायद्यानें तसें करतां आलें. कारण कोठें लायसन्स सैल होतें, तर कोठें मदत करणारांकडून आगाऊच असा करार लिहून घेतला होता कीं, कंपनीस त्यांच्या कामाचें लायसन्स बदलतां यावें. लिनक्सच्या बाबतींत असें घडूं शकलें नाहीं. तेथें प्रत्येक लेखकाचा हक्क त्याच्यापाशींच राहिला आहे, व हजारों लेखकांची संमति मिळाल्यावांचून कोणासही अट बदलतां येत नाहीं. म्हणून आमचा निष्कर्ष असा आहे कीं, ज्या सॉफ्टवेअरवर सर्व समाजाचा कारभार चालतो, तें परत देण्याची अट घालणाऱ्या लायसन्सखालीं असावें, आणि त्याची मालकी एका कंपनीच्या हातीं नसून अनेकांत विभागलेली असावी. कंपन्यांनीं सेवा विकावी, दुरुस्ती विकावी, शिकवणी विकावी, आणि भरपूर नफा मिळवावा. पण विहीर विकूं नये.

हीं लायसन्सें म्हणजे नुसत्या सदिच्छा आहेत, न्यायालयांत त्यांस कोण विचारतो, असें कांहीं लोक म्हणतात. तें खरें नाहीं. रॉबर्ट जेकबसन या अमेरिकेंतील भौतिकशास्त्राच्या अध्यापकांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं खेळण्यांतील आगगाड्या चालविण्याचें एक मुक्त सॉफ्टवेअर लिहिलें होतें. दुसऱ्या एका व्यावसायिकानें त्यांतील भाग लेखकांचीं नांवें वगळून आपल्या मालांत घातला. ऑगस्ट २००८ मध्यें तेथील अपील न्यायालयानें ठरविलें कीं, लेखकानें पैसे मागितले नाहींत तरी त्यानें घातलेल्या अटी कॉपीराइटच्या कायद्यानें पाळावयास लावतां येतात. तसेंच २००३ मध्यें लिंकसिस कंपनीच्या घरगुती राउटरमध्यें लिनक्स असल्याचें उघड झालें, तेव्हां त्या कंपनीस मूळ लेखन प्रसिद्ध करावें लागलें. त्यांतून ओपनडब्ल्यूआरटी हें राउटरसाठींचें मुक्त सॉफ्टवेअर निघालें, व तें आजही वापरांत आहे.

शब्दांच्या फसवणुकीविषयींही सावध राहिलें पाहिजे. मुक्त हें नांव लोकप्रिय झाल्यापासून जें मुक्त नाहीं त्यासही तें चिकटविण्यांत येतें. मेटा कंपनीनें २०२३ मध्यें आपलें लामा २ हें कृत्रिम बुद्धिमत्तेचें मॉडेल ओपन सोर्स म्हणून जाहीर केलें. परंतु महिन्याला ७० कोटींहून अधिक लोक ज्यांची सेवा वापरतात अशा कंपन्यांस त्यासाठीं वेगळी परवानगी घ्यावी लागे, आणि कोणत्या कामास तें वापरूं नये याचेही निर्बंध होते. ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेनें हें नांव त्यास लागू पडत नाहीं असें स्पष्ट सांगितलें. दुधांत पाणी घालणारास पाण्याचा दोष लावीत नाहींत. तें दूध म्हणून विकण्याचा दोष लावतात.

आपल्या मराठी भाषेचाही या विषयाशीं निकट संबंध आहे. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतांत देवनागरीचा समावेश १९९१ मध्येंच झाला होता; तथापि पुढें कित्येक वर्षें आपल्या छापखान्यांतून निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्यें मराठी मजकूर जुळविला जाई, व प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी असे. तो फॉन्ट आपल्यापाशीं नसेल तर मराठी मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. म्हणजे लेखकाचे शब्द लेखकाचे, पण ते वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशांत! आतां ही अडचण पुष्कळ अंशीं दूर झाली आहे, आणि त्यांत मुक्त लायसन्सचा वाटा मोठा आहे. भाषांच्या अभ्यासास वाहिलेल्या एसआयएल या ख्रिस्ती संस्थेनें फॉन्टसाठीं ओपन फॉन्ट लायसन्स तयार केलें. त्याची प्रचलित आवृत्ति २००७ ची आहे. त्याअन्वयें फॉन्ट वापरावा, बदलावा, वाटावा. केवळ तो फॉन्ट सुटा विकूं नये. मुंबईच्या एक टाइप या मंडळीनें केलेले मुक्त व बलू हे देवनागरी फॉन्ट याच लायसन्सखालीं मिळतात. या वार्षिक अंकासारखीं लहान प्रकाशनें असे फॉन्ट निर्धास्तपणें वापरूं शकतात.

आतां शाळेच्या संबंधानें दोन शब्द. केरळ राज्यानें आपल्या शाळांतून संगणकाचें शिक्षण मुक्त प्रणालीवर देण्याचें धोरण पुष्कळ वर्षांपासून चालविलें आहे, आणि भारत सरकारनेंही २०१५ मध्यें सरकारी कामांत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलें. असें असतां कित्येक पालक म्हणतात कीं, कचेऱ्यांतून जें सॉफ्टवेअर वापरतात तेंच शाळेंत शिकवा, नाहीं तर मुलास नोकरी कशी मिळणार? ही काळजी रास्त आहे व आम्ही तिची थट्टा करणार नाहीं. परंतु सहावीच्या मुलास नोकरी लागेपर्यंत दहा-बारा वर्षें जातात, आणि तोंवर बाजारांतील सॉफ्टवेअरचें रूप पालटलेलें असतें. कोणतें बटण कोठें आहे हें पाठ करणारा मुलगा तेव्हां अडखळेल. पत्र कसें मांडावें, हिशेब कसा मांडावा, आज्ञावली कशी विचारपूर्वक लिहावी, हें शिकलेला मुलगा अडखळणार नाहीं. शिवाय जिज्ञासु मुलास झांकण उघडून आंत पाहण्याची मुभा फक्त मुक्त सॉफ्टवेअर देतें. शाळेचें काम गिऱ्हाईक तयार करण्याचें नाहीं.

याच ठिकाणीं एका अप्रिय गोष्टीचा उच्चार करणें आम्हांस भाग आहे. पुष्कळ घरांतून महागडें सॉफ्टवेअर चोरून आणलेलें असतें, आणि तें आणून देणारा नातलग अथवा दुकानदार हुशार समजला जातो. कंपन्या श्रीमंत आहेत, त्यांचें काय बिघडतें, असें समर्थनही ऐकूं येतें. श्रीमंताच्या घरची चोरी ही चोरीच होय. आपल्या कायद्यानेंही अशी चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणें हा गुन्हा ठरविला आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारानें तर ही गोष्ट विशेष पाळली पाहिजे. जो मनुष्य कंपनीच्या लायसन्सला जुमानीत नाहीं, त्यास कंपनीनें जीपीएलला जुमानावें असें म्हणण्याचें तोंड उरत नाहीं. दोन्ही लायसन्सें एकाच कायद्यावर उभीं आहेत. ज्यास किंमत परवडत नाहीं त्यानें चोरी न करतां मुक्त सॉफ्टवेअर वापरावें. त्यांत सन्मान आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कित्येक जण पुढें पुण्यास, मुंबईस अथवा परदेशीं सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांतून काम करतील. तेथें एके दिवशीं कोणी वरिष्ठ म्हणेल, हा तयार भाग उचलून आपल्या मालांत घाला, लायसन्स कोण वाचतो! त्या वेळीं लायसन्स वाचणारे तुम्ही व्हावें, आणि अट पाळतां येत नसेल तर तसें विनयानें पण स्पष्ट सांगावें, एवढी अपेक्षा आहे. आजही तुमच्या हातून होण्यासारखें पुष्कळ आहे. आपला शालेय प्रकल्प लोकांसाठीं ठेवाल तेव्हां त्यास लायसन्स जोडा. कारण लायसन्स न जोडलेलें लेखन कोणासही मोकळेपणानें वापरतां येत नाहीं, मग तुमचा हेतु कितीही उदार असो. दुसऱ्याचें लेखन घेतलें तर त्याचें नांव द्या. वापरतांना चूक आढळली तर ती नीट लिहून कळवा. मुक्त सॉफ्टवेअरच्या सूचना मराठींत आणण्याचें काम तर चांगलें मराठी लिहिणारा कोणताही विद्यार्थी करूं शकतो. त्यासाठीं आज्ञावली लिहितां आलीच पाहिजे असें नाहीं. आणि पालकहो, जें सॉफ्टवेअर वर्षभर घरांत राबतें, त्याच्या कर्त्यांस वर्षांतून एकदां यथाशक्ति देणगी पाठविण्यास हरकत नसावी. चोरीच्या प्रतीस दुकानदार जितके पैसे घेतो तितके पाठविले तरी तो गाळ काढण्यास हातभारच होय.

कंपन्या वाईट आणि स्वयंसेवक साधु, असा निवाडा आम्ही दिलेला नाहीं. कंपन्यांच्या पगारावांचून आजचें मुक्त सॉफ्टवेअर एवढें वाढलें नसतें, हेंही वर आलेंच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या वस्तूवर अनेकांचे हात लागले आहेत तिच्या अटी एकट्यानें बदलूं नयेत, आणि घेणारानें देण्याची वेळ आली म्हणजे तोंड फिरवूं नये. हा नियम कंपनीस लागू आहे, तसाच तो शिक्षकास, पालकास व विद्यार्थ्यासही लागू आहे. तो पाळण्यास मोठें भांडवल लागत नाहीं. घेण्यापूर्वीं लायसन्स वाचण्याची संवय मात्र लागते.